डाईंगचं रंगीत पाणी विजेने साफ होतं म्हणे – खरं की डेमोची जादू?

धोटा
नमस्कार मंडळी, बरीच वर्षं नुसता वाचक आहे, पहिलाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

आमच्या काकांचं इचलकरंजीजवळ छोटं प्रोसेस हाऊस आहे. कॉटनवर रिॲक्टिव्ह डाईंग, डिसायझिंग आणि ब्लीचिंगपण तिथेच. रोज साधारण ५० हजार लिटर पाणी निघतं. सध्या चुना आणि फेरस (लोखंडाचा क्षार) टाकून गाळ बसवतात आणि वरचं पाणी सीईटीपीला (सगळ्या कारखान्यांचं सामायिक सांडपाणी केंद्र) जातं. रंग काही पूर्ण जात नाही, गाळाच्या गोण्यांनी शेड भरलीय, आणि सीओडी जास्त आला की सीईटीपीवाल्यांची बोलणी खायची ती वेगळीच. सीओडी (पाण्यातली घाण मोजायचा आकडा) लिटरला साधारण २००० मिलिग्रॅमच्या आसपास असतो.

तर मध्यंतरी एक जण मशीन घेऊन आला (नाव घेत नाही). काचेचं भांडं, त्यात आमचंच नेव्ही ब्लूचं पाणी, दोन-चार प्लेटा, वर पॉवर सप्लाय. पंधरा-वीस मिनिटांत पाणी पांढरं! काका तर खुर्चीवरून उठलेच. त्याचं म्हणणं असं की केमिकल शून्य, गाळ शून्य, हजार लिटरला फक्त २ युनिट वीज, म्हणजे ९ रुपये धरले तरी १८ रुपये झाले. काका चेक फाडायच्या तयारीत आहेत, मीच म्हटलं जरा थांबा, चार लोकांना विचारू.

हे असं खरंच होतं का? कुणी वापरलंय का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

बोलभांड
विजेचं बिल बघून आमचा चेहरा पांढरा होतो, पाण्याचा का नाही होणार. रुमाल टाकून ठेवतो, हा धागा रंगणार.

ईटीपीवाला
धोटा, आधी दोन प्रश्न. प्लेटा कसल्या होत्या? आणि डाईंगला मीठ कुठलं वापरता, साधं की ग्लॉबर (सोडियम सल्फेट)?

विचारतोय कारण 'विजेने साफ' हा एक प्रकार नाहीये. लोखंडाच्या किंवा ॲल्युमिनियमच्या प्लेटा असतील तर प्लेट विरघळते आणि तिचाच गाळ होऊन रंगाला धरून बसतो, याला इलेक्ट्रोकोॲग्युलेशन म्हणतात. म्हणजे तुम्ही आज फेरसची गोणी ओतता तेच काम, फक्त लोखंड प्लेटेतून येतं. आणि टायटॅनियमवर लेप दिलेल्या प्लेटा असतील तर प्लेट जागेवर राहते आणि पाण्यातलं सेंद्रिय जळतं. दोन्हीचा खर्च वेगळा, दोन्हीची डोकेदुखी वेगळी.

धोटा
काळपट लोखंडासारख्या दिसत होत्या. मीठ साधंच. वर थोडा निळसर फेस आला होता तो त्याने चमच्याने काढून बादलीत टाकला आणि खालचं पाणी कापडातून गाळून दाखवलं.

ईटीपीवाला
हाहाहा. तो फेस म्हणजेच गाळ हो! कॅथोडवर (मायनसच्या प्लेटेवर) हायड्रोजनचे बारीक बुडबुडे निघतात, ते गाळाला उचलून वर आणतात, म्हणून तळाशी काही दिसत नाही. 'गाळ शून्य' वाला गाळ बादलीत गेला. आणि वर कापडातून गाळलं म्हणजे उरलासुरला पण गेला.

मी_माझा_चहा
थांबा थांबा, हे मी घरी बघितलंय! वॉटर प्युरिफायर विकायला येतात ते नाही का, दोन ग्लासांत दोन दोन सळ्या बुडवतात, एकात आपलं नळाचं पाणी, दुसऱ्यात त्यांच्या आरओचं. बटण दाबलं की नळाच्या पाण्यात तपकिरी-हिरवट घाण वर येते आणि मग तो माणूस आईकडे असं बघतो की जणू तिने आम्हाला इतकी वर्षं विष पाजलंय. आई एवढी घाबरली की तीन दिवस पाणी उकळून, गाळून, परत उकळून प्यायलो.

मग कॉलेजात कळलं की ती घाण म्हणजे त्याच्याच सळीचं लोखंड. आरओच्या पाण्यात क्षार नसतात, करंटच जात नाही, मग सळी विरघळणार कशी? तिथे घाण 'दाखवायला' वापरतात आणि धोटांच्या काकांकडे घाण 'काढायला', मशीन तेच.

बोलभांड
@मी_माझा_चहा, म्हणजे एकाच माणसाने दोन्ही धंदे करावेत. सकाळी घरोघरी पाणी घाण करायचं, दुपारी कारखान्यात साफ करायचं.

रसायनकन्या
माझं कामच इलेक्ट्रोकेमिस्ट्रीत आहे, काही वर्षं कराईकुडीला (तिथे केंद्र सरकारची इलेक्ट्रोकेमिस्ट्रीची संशोधन संस्था आहे) काढली आहेत, म्हणून थोडं सविस्तर लिहिते, कंटाळा आला तर पुढे जा.

ईटीपीवाला यांनी सांगितलं ते बरोबरच आहे. त्यात मुख्य मुद्दा असा की रंग जाणं आणि प्रदूषण जाणं या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. तुमचे बरेचसे रिॲक्टिव्ह रंग ॲझो जातीचे. त्यांच्या रेणूच्या मधोमध नायट्रोजन-नायट्रोजनचा दुहेरी बंध असतो, रंग दिसतो तो त्याच्यामुळे. हा बंध तोडायला फार जोर लागत नाही. तो तुटला की डोळ्याला पाणी स्वच्छ, पण रेणूचे तुकडे, म्हणजे बेंझिन-नॅप्थॅलिनची कडी, जागच्या जागी. काही तुकडे ॲरोमॅटिक अमाइन असतात आणि त्यातले काही मूळ रंगापेक्षा जास्त विषारी. सीओडी मोजलात तर जेमतेम हललेला दिसेल.

खरं जाळायचं, म्हणजे कार्बन डायऑक्साइड आणि पाण्यापर्यंत न्यायचं, तर ॲनोडवर (प्लसच्या प्लेटेवर) हायड्रॉक्सिल रॅडिकल, म्हणजे पाण्यापासून बनणारे अतिशय जहाल कण, तयार व्हावे लागतात. साधारण २.८ व्होल्टचं ऑक्सिडेशन पोटेन्शियल, पाण्यात चालणाऱ्या ऑक्सिडंटमध्ये याच्यावर फक्त फ्लोरिन. आता हे रॅडिकल कुठल्या ॲनोडवर कसे वागतात यावर लोझानच्या कॉम्निनेलिस यांनी नव्वदीच्या दशकात जी मांडणी केली ती आजही सगळे वापरतात. रुथेनियम-इरिडियम ऑक्साइडचा लेप असलेल्या टायटॅनियमवर रॅडिकल पृष्ठभागाला चिकटून बसतो, त्याचं काम अर्धवट होतं, रेणू तुटतो पण पूर्ण जळत नाही. उलट लेड डायऑक्साइड, टिन ऑक्साइड आणि सगळ्यात भारी म्हणजे बोरॉन मिसळलेला हिरा (बीडीडी म्हणतात) यांच्यावर रॅडिकल मोकळा राहतो आणि समोर येईल त्याला जाळतो. हिरा म्हणजे दागिन्यातला नव्हे, सिलिकॉन किंवा नायोबियमच्या पत्र्यावर चढवलेला पातळ थर. किंमत मात्र दागिन्याला लाजवेल अशी.

आणि तुमच्या पाण्यात साधं मीठ आहे. त्यामुळे लेपवाल्या टायटॅनियमवर क्लोरिन तयार होतो, त्याचं हायपोक्लोराइट होतं, आणि रंग जातो तो मुख्यतः त्यानेच. थोडक्यात जागेवर तयार केलेलं ब्लीच! रंगाला झकास चालतं, पण सेंद्रिय पदार्थ आणि क्लोरिन एकत्र आले की क्लोरोफॉर्मसारखी क्लोरिनयुक्त संयुगं पण होतात. ती मूळ घाणीपेक्षा चिवट असू शकतात.

अजून एक प्रकार आहे इलेक्ट्रो-फेंटन. फेंटन नावाच्या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८९४ मध्ये लोह आणि हायड्रोजन पेरॉक्साइडची जोडी दाखवली होती, तिचीच ही विजेवरची आवृत्ती, पेरॉक्साइड कार्बनच्या कॅथोडवर हवेतल्या ऑक्सिजनपासून बनतं. बार्सिलोनाच्या ब्रिलास यांच्या गटाने यावर भरपूर काम केलंय. पण त्याला पीएच ३ च्या आसपास लागतो आणि तुमचं पाणी असणार १०-११. आधी ॲसिड ओता, मग परत कॉस्टिक ओता, म्हणजे क्षार अजून वाढले.

मी_माझा_चहा
हिऱ्याचा ॲनोड! काकूंना सांगू नका, काकांचं अवघड होईल.

हौशी_गणिती
रसायनकन्या यांच्या प्रतिसादाला आकड्यांची जोड देतो. हे गणित बारावीच्या फॅरेडेच्या नियमातलं आहे, कुणीही ताडून बघा.

सीओडी म्हणजे घाण जाळायला किती ऑक्सिजन लागेल तो आकडा. ऑक्सिजनच्या एका रेणूमागे ४ इलेक्ट्रॉन. म्हणजे १ किलो सीओडी जाळायला, एकही इलेक्ट्रॉन वाया गेला नाही असं धरलं तरी, साधारण ३३५० अँपिअर-तास लागतात. सेलला ५ व्होल्ट धरले तर पावणेसतरा युनिट. हा स्वर्गातला आकडा. प्रत्यक्षात निम्म्याहून जास्त करंट पाणी फोडण्यात जातो, ४० टक्के कामी आला म्हणू, मग ४० च्या वर युनिट.

आता तो माणूस म्हणतो हजार लिटरला २ युनिट. ५ व्होल्टला २ युनिट म्हणजे ४०० अँपिअर-तास. त्यात एकही इलेक्ट्रॉन वाया न घालवता जळू शकतो तो १२० ग्रॅम सीओडी. हजार लिटरमध्ये २००० मिलिग्रॅमच्या हिशोबाने तुमच्याकडे आहे २ किलो. म्हणजे २००० चा फार तर १८८० होईल. बाकी जे काही गेलं ते जळालेलं नाही, गाळात बसलंय. यात वाद घालायला जागा नाही, निसर्गाकडे उधारी चालत नाही.

२००० वरून २५० वर (नदीत सोडायची मर्यादा) फक्त विजेने जाळत न्यायचं तर ४० टक्क्यांच्या हिशोबाने हजार लिटरला ७० च्या वर युनिट लागतील. ९ रुपयांनी साडेसहाशे रुपये. रोजचे ५० हजार लिटर, करा गुणाकार.

धोटा
केला गुणाकार. काकांना अजून दाखवला नाहीये.

डाईंग_मास्तर
कागदावरची गणितं ठीक आहेत पण असं सरसकट मोडीत काढू नका राव. मी ३० वर्षं डाईंगमध्ये काढली, दोन ठिकाणी लोखंडी प्लेटांचं मशीन चालताना बघितलंय आणि चुना-फेरसपेक्षा पाणी चांगलं येतं हे डोळ्याने बघितलंय. गाळ पण थोडा घट्ट बसतो. प्रश्न मशीनचा नाही, त्यात काय ओतता त्याचा आहे.

धोटा, तुमच्याकडे सगळं पाणी एकाच गटारीत जातं ना? तिथेच घोळ आहे. डिसायझिंगचं पाणी म्हणजे ताग्याची खळ, निम्मी-अधिक घाण त्यातून येते. ती स्टार्चची खळ असेल तर जंतू आवडीने खातात, त्याच्यावर वीज घालवणं म्हणजे वेडेपणा. रंगाचा पहिला बाथ, म्हणजे ज्या पाण्यात कापड रंगवलं ते पाणी, मात्र वेगळं. त्यात न चिकटलेला रंग असतो, दहा-वीस टक्के कुठे गेला नाही, गडद शेडला त्याहून जास्त, आणि मीठ लिटरला ५०-६०-८० ग्रॅम. ते पाणी जंतू खात नाहीत पण त्यातून करंट मस्त जातो. एवढंच वेगळं काढा आणि त्याला मशीन लावा. ५० हजार लिटरचे ५-६ हजारच होतील. नंतरची धुलाई हलकी असते, ती जाऊ द्या जुन्या वाटेने.

आणि सगळ्यात आधी रेसिपी बघा. दोन जागी पकडणारे रंग मिळतात, ते कापडाला जास्त चिकटतात आणि पाण्यात कमी जातात. महाग आहेत म्हणून मालक घेत नाहीत आणि मग गटारीवर मशीन बसवतात.

हौशी_गणिती
मास्तर, मी मोडीत काढलं नाही, २ युनिटात 'जळतं' हा दावा मोडीत काढला. मशीन गाळ बसवतं म्हणाले असते तर माझी काही हरकत नव्हती.

आणि गाळाचाच हिशोब केला तर ४०० अँपिअर-तासात लोखंडाची प्लेट झिजते साधारण ४०० ग्रॅम. हजार लिटरला. रोजच्या ५० हजार लिटरला २० किलोच्या वर लोखंड! महिन्याला अर्धा टन प्लेटा घेणार का, हे त्याच्या कोटेशनमध्ये आहे का बघा. आणि त्या २० किलोचा हायड्रॉक्साइड होऊन कोरडा गाळ होतो ४० किलोच्या आसपास, ओला केक त्याच्या तिप्पट-चौपट, वर रंगाचं वजन वेगळं.

ईटीपीवाला
+१ हौशी_गणिती. आणि तो गाळ घातक कचऱ्यात मोडतो, शेतात किंवा ओढ्याकाठी टाकता येत नाही. रांजणगावसारख्या ठिकाणी पाठवायचा, वजनावर पैसे, ट्रकचं भाडं वर. १८ रुपयांत हे नाही.

मास्तरांचा वेगळं काढायचा सल्ला मात्र लाख मोलाचा. जंतूंच्या टाकीत ब्लोअरच्या एका युनिटमध्ये साधारण किलोभर ऑक्सिजन पाण्यात जातो. म्हणजे जे जंतू खाऊ शकतात ते जाळायला तिकडे १-२ युनिट आणि विजेने ४०. जंतूंना पगार नाही, सुट्टी नाही, युनियन नाही.

बोलभांड
जंतूंची युनियन झाली तर त्यांच्या सभेत बीओडीचा (जंतू खाऊ शकतील त्या घाणीचा आकडा) ठराव पास होईल. ह.घ्या.

ऊसकरी
शिरोळ तालुक्यातनं लिहितोय. तुमच्या वरच्या गावातनं पाणी सुटलं की खाली आमच्याकडं येतं म्हणून बोलायचा हक्क आहे. उन्हाळ्यात नदी थांबली की काठावर उभं राहवत नाही, केंदाळ तर असं माजतं की म्हस चालत जाईल वरनं.

मला एकच विचारायचंय. रंग गेला, घाण जळली, सगळं झ्याक. मीठ कुठं जातंय? आमची जमीन आधीच क्षारपड होत चाललीय (त्यात आमच्या जास्तीच्या पाण्याचा बी दोष आहे, मान्य), त्यात तुमचं लिटरला ५० ग्रॅम मीठ. ऊसाला रंग चालंल एकवेळ, मीठ चालत न्हाई.

रसायनकन्या
ऊसकरी दादा, अगदी नेमकं विचारलंत. मीठ कुठेही जात नाही. या सगळ्या पद्धती सेंद्रिय घाणीसाठी आहेत, विरघळलेले क्षार जेवढे आत गेले तेवढेच, किंबहुना थोडे जास्तच, बाहेर येतात. नदीत सोडायच्या पाण्याला क्षारांची मर्यादा लिटरला साधारण २१०० मिलिग्रॅमची असते आणि डाय बाथमध्ये ५० हजार. मिसळून मिसळून मर्यादेत आणतात तो भाग वेगळा.

मीठ काढायचं तर आरओ आणि मग उरलेलं खारट पाणी आटवणं. तिरुप्पूरला हेच झालं. तिथल्या डाईंगने नोय्यल नदी आणि खालचं ओरत्तुपाळयम धरण इतकं खराब केलं की शेतकरी कोर्टात गेले, आणि २०११ च्या जानेवारीत मद्रास हायकोर्टाने युनिट्स बंद करायला लावली. एक थेंबही बाहेर सोडायचा नाही या अटीवर मग हळूहळू सुरू झाली. आता तिथे आटवून निघालेलं मीठ परत डाईंगला वापरायचे प्रयत्न असतात. आणि इथेच विजेची पद्धत कामाची ठरू शकते: डाय बाथमधला रंग आणि सेंद्रिय भाग नीट काढला तर तेच खारं पाणी पुढच्या बॅचला वापरता येतं. मीठ वाचलं, पाणी वाचलं, आणि ऊसकरींच्या शेतात कमी गेलं.

डाईंग_मास्तर
परत वापरायचं म्हणजे आधी क्लोरिन पूर्ण मारा, नाहीतर पुढच्या बॅचची शेड उडेल आणि पार्टी ताणून मारेल. फिक्या शेडला तर नकोच, काळ्या-नेव्हीला चालून जाईल.

कट्ट्यावरचा
सगळे डाईंगवाल्यांच्या मागे का लागलेत? कोल्हापूर शहराचं सांडपाणी नाही का पंचगंगेत? साखर कारखाने नाहीत का? २०१२ ला इचलकरंजीत काविळीने माणसं गेली ती रंगाने नाही गेली, मैल्याच्या पाण्याने गेली. आणि आता आम्हाला प्यायला दुधगंगेचं पाणी मागितलं की तिकडचे सुळकूड गाववाले म्हणतात देणार नाही, आधी तुमची नदी साफ करा. नदी काय आम्ही एकट्याने घाण केली का?

ऊसकरी
सुळकूडचं काढलंच शेवटी. अहो ज्यांची नदी हाय ते बी हेच म्हणत्यात की यांनी आपली घाण केली आणि आता आमची मागायला आले.

कट्ट्यावरचा
घाण केली ती वरनं आलेली पण होती ना

ऊसकरी
व्हय, आणि खाली गेली ती आमच्याकडं

धागा_राखणदार
सुळकूडसाठी वेगळा धागा आहे, १४ पानांचा, तिकडे भांडा. इथे ॲनोड-कॅथोडवर बोला. यापुढचे त्या विषयावरचे प्रतिसाद उडवले जातील.

बोलभांड
राखणदारांनी धागा इलेक्ट्रोकोॲग्युलेट केला. गाळ बाजूला, पाणी स्वच्छ.

दूरदेशी
जर्मनीतून. रसायनकन्यांनी बीडीडीचा उल्लेख केला म्हणून थोडं अवांतर. आमच्या बाजूला, राश्टाट आणि बाडेन-बाडेनच्या पट्ट्यात, जमिनीखालच्या पाण्यात पीफास सापडले, तेच ते नॉनस्टिक आणि जलरोधक लेपात वापरतात त्या जातीचे. कागद कारखान्यांचा गाळ मिसळलेलं कंपोस्ट शेतांवर पसरलं गेलं त्यातून हे आलं असं मानलं जातं. जंतू याला हात लावत नाहीत, क्लोरिन-ओझोनचं काही चालत नाही. कोळशाच्या फिल्टरवर अडवतात पण मग त्या कोळशाचं काय करायचं हा प्रश्न राहतोच. बीडीडीवर मात्र कार्बन-फ्लोरिनचा बंध तुटतो. म्हणून लोकांची कल्पना अशी की आधी रेझिनवर गोळा करून थोड्याशा पाण्यात आणायचं आणि मग तेवढ्याच पाण्याला हिरा लावायचा. मास्तरांनी डाय बाथबद्दल जे सांगितलं तेच झालं ना हे, पाणी कमी करा आणि घाण दाट करा, मग वीज परवडते.

तोटा असा की पाण्यात क्लोराइड असेल तर बीडीडीवर ते थेट परक्लोरेटपर्यंत जातं, आणि परक्लोरेट थायरॉइडला वाईट. एक काढायला गेलो आणि दुसरं आलं.

रसायनकन्या
बरोबर दूरदेशी, आणि परक्लोरेटमुळेच मी मिठाच्या पाण्यावर बीडीडी सुचवणार नाही, परवडलं तरी. तिथे साधा लेपवाला टायटॅनियम बरा.

आणि धोटा, एक महत्त्वाचं राहिलं. कुणी स्टेनलेस स्टीलच्या प्लेटा 'टिकतात' म्हणून ॲनोडला विकायला आलं तर दारातूनच परत पाठवा. खाऱ्या पाण्यात स्टेनलेस ॲनोड टिकत नाही, त्यातला क्रोमियम आणि निकेल पाण्यात उतरतो, क्रोमियम तर सहा संयुजेचा पण होऊ शकतो. सेंद्रिय घाण काढता काढता जड धातू घालून बसाल. कॅथोडला स्टेनलेस चालतं, ॲनोडला नाही.

इतिहासप्रेमी
हे सगळं नवीन तंत्रज्ञान म्हणून विकतायत याची गंमत वाटते. १८८९ च्या सुमारास लंडनमध्ये क्रॉसनेसला मैलापाण्यावर लोखंडी प्लेटा आणि वीज लावून प्रयोग झाले होते, वेबस्टर नावाच्या माणसाची पद्धत. व्हिक्टोरिया राणी हयात होती तेव्हा. वीज महाग, प्लेटा झिजतात आणि गाळाचं काय करायचं, या अडचणी तेव्हाही होत्या.

ईटीपीवाला
इतिहासप्रेमी, आमच्याकडे सेल्समन अजून त्याच तीन अडचणींवर 'सर ते आपण बघू नंतर' म्हणतो.

धोटा, सुरक्षेचं कुणीच बोललं नाही म्हणून सांगतो. त्याच ४०० अँपिअर-तासात हजार लिटरमागे दीडशेच्या वर लिटर हायड्रोजन निघतो. हवेत ४ टक्के झाला की ठिणगी पुरते. बंद शेडमध्ये, वर पत्रा, पत्र्याखाली गॅस साठतोय आणि शेजारी कोणी वेल्डिंग करतोय, असलं करू नका. टाकी उघड्यावर किंवा वर एक्झॉस्ट. आणि पीएच खाली गेला तर क्लोरिन वायू, त्याचा वास लगेच कळतो पण तोवर खोकला सुरू.

आणि कॅथोडवर पांढरा खडू चढतो, कॅल्शियम-मॅग्नेशियमचा. त्यासाठी अधूनमधून प्लस-मायनस उलटे करावे लागतात किंवा ॲसिडने धुवायचं. डेमोच्या भांड्यात हे दिसत नाही कारण डेमो वीस मिनिटांचा.

एक किस्सा सांगून टाकतो. एका ठिकाणी ईटीपीच्या शेवटच्या टाकीत मासे सोडले होते, तपासणीला साहेब आले की 'बघा सर, मासे जगतात'. खरंच जगत होते. तपासणीच्या आदल्या संध्याकाळी नवीन आणायचे.

मी_माझा_चहा
मेलेले कोण खायचं?

ईटीपीवाला
ते विचारू नका, जेवायची वेळ आहे.

धोटा
मंडळी, मनापासून आभार. एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. काकांना सगळं वाचून दाखवलं, गुणाकारापाशी ते बराच वेळ गप्प होते.

त्या माणसाला फोन करून विचारलं. प्लेटा साध्या एमएसच्याच (साधं लोखंड) आहेत, गाळासाठी 'छोटासा क्लॅरिफायर आणि फिल्टर प्रेस' (गाळ बसवायची टाकी आणि पिळायचं यंत्र) लागेल आणि त्याचं कोटेशन वेगळं आहे म्हणाला. आधी का नाही सांगितलंत विचारलं तर म्हणे तुम्ही विचारलंच नाही. सीओडीचा रिपोर्ट मागितला तर त्याच्याकडे फक्त आधीचा आणि नंतरचा फोटो आहे.

काकांचं आता असं चाललंय की पूर्ण पाण्यासाठी नको. मास्तर म्हणतात तसा पहिला बाथ वेगळ्या टाकीत घ्यायचा, पायपिंगचा खर्च फार नाही. त्यावर टायटॅनियमवाला सेल दोनशे लिटरवर ट्रायल म्हणून लावून बघायचा, दुसऱ्या एका पार्टीने तयारी दाखवलीय. पाणी तेच आहे ना, मध्ये साधं पाणी घालून पातळ तर नाही केलं, हे मी उभा राहून बघणार. नमुना दोन लॅबना देणार. अजून काय बघू? आणि सीईटीपीला सोडण्याआधी क्लोरिन कसा मारायचा?

रसायनकन्या
सीओडीबरोबर टीओसी (पाण्यातला एकूण सेंद्रिय कार्बन) करून घ्या, म्हणजे कार्बन खरंच गेला की नुसता तुटला ते कळेल. क्लोरिनयुक्त संयुगांसाठी एओएक्स मोजणारी लॅब मिळाली तर उत्तम. आणि नमुना ट्रायल संपल्यावर एकदाच न घेता दर अर्ध्या तासाने घ्या, सोबत व्होल्ट आणि अँपिअर लिहून ठेवा. रंग पहिल्या काही मिनिटांत जाईल, खरा ग्राफ त्यानंतर सुरू होतो. कुठल्या वेळी थांबलं तर पुढचं जंतू खाऊ शकतील हे बीओडी आणि सीओडीच्या गुणोत्तरावरून दिसेल. ते गुणोत्तर वाढलं की तिथेच वीज बंद करा, पूर्ण जाळायच्या नादी लागू नका.

ईटीपीवाला
लॅबला आधीच सांगा की नमुन्यात मीठ भरपूर आहे. सीओडीच्या टेस्टमध्ये घाण जाळायला वापरतात तो डायक्रोमेट मिठातल्या क्लोराइडला पण खातो आणि आकडा उगाच फुगतो. मर्क्युरिक सल्फेट घालून ते दाबतात, पण क्लोराइड २००० मिलिग्रॅमच्या वर गेलं की नमुना पातळ करावाच लागतो. तुमच्या डाय बाथमध्ये त्याच्या कितीतरी पट असणार. हे न केल्याने दोन लॅबचे दोन आकडे येतात आणि मग मालक आणि मशीनवाला कोर्टात.

क्लोरिन मारायला सोडियम बायसल्फाइट, आणि अंदाजे ओतू नका. कमी पडलं तर सीईटीपीतले जंतू मरतील आणि ते तुम्हाला शोधत येतील. जास्त झालं तर उरलेला सल्फाइट स्वतःच ऑक्सिजन खातो, म्हणजे सीओडी परत वाढला. स्टार्च-आयोडाइडची पट्टी ठेवा, निळी पडायची थांबली की ओतणं थांबवा, पीएच बघा, ७-८ असू दे, मग पाणी सोडा.

डाईंग_मास्तर
आणि ट्रायलला नेव्ही घेऊ नका, तो लवकर उडतो म्हणून डेमोवाले तोच मागतात. टर्क्वाइजचा बाथ द्या. त्यात तांबं धरून बसलेला रेणू असतो, लवकर सोडत नाही. तिथे टिकला तर पुढचं बोलू.

धोटा
टर्क्वाइजची बॅच पुढच्या आठवड्यात आहे. रिपोर्ट आले की इथेच टाकतो.